हिवरवाडीत साबुदाणा काळा पडला त्याची गोष्ट

"दहा मिनिटं! फक्त दहा मिनिटं आणि एक बटाटा! एवढ्यात सिद्ध करून दाखवतो!"

तिसऱ्या माळेची आरती संपल्यावर शहादेव गुरुजींनी देवीच्या मंडपात हात वर करून हे जाहीर केलं, तेव्हा अख्खी हिवरवाडी त्यांच्याकडे बघत होती. गुरुजींना ते बघणं फार आवडलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत एकदम शंभर डोळे त्यांच्याकडे वळले नव्हते. घरात दोनच डोळे, शिवकन्याबाईंचे, आणि तेही बहुतेक वेळा तव्याकडे.

"उद्या चौथी माळ. आरती झाली की कुणी हलायचं नाही. साबुदाण्यात प्लास्टिक नाही, हे मी प्रयोगाने दाखवणार. प्रयोगाने!"

'प्रयोग' हा शब्द गुरुजी असा उच्चारायचे, जसा पैलवान मांडी थोपटतो. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. मंडपात बसलेल्यांपैकी पंचेचाळिशीच्या आतले बहुतेक सगळे त्यांच्याच हाताखालून गेलेले. कुणी पास होऊन गेलेले, कुणी नुसतेच गेलेले.

झालं होतं असं. पहिल्या माळेला भामाबाईंनी उपासाच्या चाळीस बायकांसाठी खिचडी केली. भामाबाई म्हणजे गावातला मोठ्या पातेल्याचा हात. लग्न असो नाहीतर तेरावं, चुलीपुढं भामाबाईच. पण त्या दिवशी झाकण काढलं तर आत खिचडी नव्हती! आत एक पांढरट, चकचकीत, थरथरणारा गोळा बसला होता. भामाबाईंनी उलथनं खुपसलं, ते उभंच राहिलं. उलथनं ओढलं, तर पातेलं वर आलं. दोघींनी पातेलं धरलं, तिघींनी उलथनं ओढलं, तेव्हा कुठं 'फच्च' असा आवाज झाला आणि तिघी मागच्या मागं गुळाच्या ढेपेवर जाऊन बसल्या.

भामाबाईंचा भाचा लखन तिथंच होता. लखन डोंगराला शेळ्या चारतो. म्हणजे शेळ्या चरतात आणि लखन फोन बघतो. त्यानं गोळ्याचा एक कोपरा चिमटीत धरून ओढला. कोपरा हातभर लांबला. सोडला, तर परत जाग्यावर गेला.

"आत्या, रबर हाय हे!" लखन ओरडला. "मी कालच व्हिडिओ बघितला. कारखान्यात प्लास्टिकचे मणी पाडतेत आन् साबुदाणा म्हणून इकतेत!"

बास. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावातल्या प्रत्येक फोनवर तीन-तीनदा येऊन पोचला.

गावात किराण्याचं दुकान एकच, कासमचं. त्याच्याआधी त्याच्या वडिलांचं. पहिल्या माळेच्या फराळाचा साबुदाणा दुकानातून देवीला जायचा, हा रिवाज वडिलांपासूनचा. त्या संध्याकाळी बायका एकेक करत आल्या आणि साबुदाण्याच्या पुड्या फळीवर ठेवून गेल्या. कासमनं कुणालाच काही विचारलं नाही. पुडी घ्यायची, बाजूला ठेवायची, 'आणखी काय देऊ भाभी?' म्हणायचं. एरवी शेंगदाण्याबरोबर तिखट बोलणंही फुकट देणाऱ्या या माणसाचं असं गप्प होणं गुरुजींना सहन होईना. ते चहापत्ती घ्यायला आले होते आणि पायरीवर नुसतेच उभे होते.

तेवढ्यात उपसरपंच विजयसिंह आले. त्यांनी पुड्यांच्या ढिगाकडं बघितलं.

"मी म्हणतो, आमच्याच उपासाला असला माल कावून येतो?"

एवढंच बोलले आणि तंबाखू मळत निघून गेले. त्या 'आमच्याच'वर कुणी काही बोललं नाही. गुरुजीसुद्धा बोलले नाहीत. पण घरी गेल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. कासम त्यांच्या पहिल्या वर्गातला पोरगा. तो सातवीत असताना गुरुजींना ताप आला की दोन कोस सायकल मारत डबा घेऊन येणारा. आपण पायरीवर होतो आणि आपल्या तोंडातून शब्द निघाला नाही, हे त्यांना भाकरीच्या घासासारखं घशात अडकलं होतं. मग दुसरा दिवसही तसाच गेला, आणि तिसऱ्या माळेला, आरतीनंतर, तो अडकलेला शब्द बाहेर पडला. फक्त बाहेर पडताना तो 'प्रयोग' होऊन पडला.

"अवो, आधी घरी करून बघा की," रात्रीचं जेवण वाढताना शिवकन्याबाई म्हणाल्या.

"घरी? अगं, एकतीस वर्षं शिकवलंय! पाठ सात, प्रश्न तिसरा, गुण दोन!"

"शिकवलंय ते खरं. पर केलंय का कवा?"

गुरुजींनी आमटीत मीठ कमी असल्याचं सांगून विषय बदलला.

वडवणीहून औषधाची बाटली आणायला ते दुसऱ्या माळेच्या दुपारीच काळीपिवळीनं जाऊन आले होते. घोषणा करायचं मनात आधीच ठरलं होतं म्हणा ना! जखमेवर लावतात ते तपकिरी आयोडीन. दुकानदारानं विचारलं, "कुठं लागलं गुरुजी?" गुरुजी म्हणाले, "साबुदाण्याला." दुकानदारानं पुढं विचारलं नाही.

चौथ्या माळेला गुरुजी मंडपात आले ते दिवाळीचा सदरा घालून. शिवकन्याबाईंच्या हातची खळ म्हणजे तालुक्यात नाव! सदरा इतका कडक, की गुरुजी वळले की सदरा जरा उशिरा वळायचा. समोर टेबल. टेबलावर पांढरी बशी, बटाटा, चाकू, बाटली. कासमनं स्वतः साबुदाण्याचा न फोडलेला कट्टा डोक्यावर आणून सगळ्यांसमोर उसवला, मूठभर दाणे बशीत टाकले आणि मागं खांबाला टेकून उभा राहिला.

आता गुरुजींनी करायचं काय होतं? आधी सांगायचं होतं, की बाबांनो, दाणे काळे पडले तर माल अस्सल. एवढं एक वाक्य. पण शंभर डोळे समोर आल्यावर कुणाला एक वाक्य पुरतं!

"साबुदाणा म्हणजे काय?" गुरुजींनी सुरुवात केली. "कुणी म्हणेल झाडाला लागतो. चूक! कुणी म्हणेल कारखान्यात होतो. अर्धं बरोबर! दक्षिणेकडं कसावा नावाचं झुडूप पिकतं. त्याची मुळं ही अशी, मांडीएवढी. आपलं रताळं असतं ना, तसंच जमिनीत पोसलेलं कंदमूळ. ते किसायचं, पाण्यात कालवायचं, गाळायचं. दुधासारखं पाणी निघतं. ते पाणी ठेवून दिलं की खाली पांढराशुभ्र गाळ बसतो. तो गाळ म्हणजे पिष्ट! झाडानं पुढच्या दिवसांसाठी साठवून ठेवलेलं जेवण. ते ओलं पिष्ट हलवून हलवून त्याचे मणी होतात, मग ते मणी तव्यावर शेकतात..."

"गुरुजी, धारा काढायच्यात," मागून कुणीतरी म्हणालं.

"होय होय. तर आता बघा. डोळ्यांनी बघा. साबुदाणा खरा असेल तर आत्ता या बशीत..." गुरुजी थांबले. त्यांना वाटलं, सांगून टाकलं तर मजा काय राहिली? "...आत्ता या बशीत काय होतं ते तुम्हीच सांगा!"

आणि त्यांनी बाटली तिरकी केली.

चार थेंब पडले. तपकिरी. क्षणभर काहीच झालं नाही. मग पांढऱ्या दाण्यांवर निळसर सावली आली, ती जांभळी झाली, आणि बघता बघता मूठभर साबुदाणा काजळासारखा काळाकुट्ट पडला!

गुरुजी हसतमुखानं टाळ्यांची वाट बघत होते.

"इख!" भामाबाईंनी किंकाळी फोडली. "इख हाय गं बया! पहिल्या माळेला आमी हेच खाल्लं!"

यानंतर जे झालं ते क्रमानं सांगणं अवघड आहे. चाळीस बायका एकदम उठल्या. तिघी देवळामागं जाऊन घशात बोटं घालू लागल्या. एकीला चक्कर आली, तिला सावरायला गेलेल्या दोघींना आपल्यालाही आली असं वाटलं. "काळं होणं म्हणजेच खरं! काळं म्हणजे अस्सल!" गुरुजी घसा फोडून ओरडत होते. पण विषाची ओरड चालू असताना 'काळं म्हणजे चांगलं' असं ओरडणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं! उलट मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली, की गुरुजींनी वास घेतला असणार, त्यांच्या डोक्यात गेलं.

"थांबा! बटाटा बघा! बटाटा तर तुमच्या वावरातला!" गुरुजींनी बटाटा कापून त्यावर थेंब टाकला. बटाटा काळा पडला.

"बटाट्यात बी!"

"तसं नाही! हे रताळं घ्या!" रताळं काळं पडलं.

"रताळ्यात बी!"

कुणीतरी भगर आणून दिली, ती काळी. लखननं शेळ्यांमागं नेण्यासाठी बांधलेली ज्वारीची भाकरी पुढं केली. ती तर अशी काळी पडली, की लखननं ती हातातून टाकलीच आणि सदऱ्याला हात पुसले. गुरुजी पुरावे वाढवत होते आणि गावाला वाटत होतं, इख वाढतंय. शेवटी त्यांनी खोबऱ्याच्या तुकड्यावर थेंब टाकला. तो तपकिरीच राहिला.

"कारण खोबऱ्यात पिष्ट नाही! कळलं का? पिष्टच..."

"खोबरं बरं हाय!" गर्दीतून आवाज आला, आणि देवीपुढच्या खोबऱ्याच्या वाट्या क्षणात गायब झाल्या.

लखनचा फोन या सगळ्यात चालूच होता. त्यानं टिपलेला काळा साबुदाणा डोंगर ओलांडून पलीकडं कधी गेला कळलंच नाही. भामाबाईंचा फोन वाजला. धारूरला दिलेली लेक संगीता रडत होती.

"मी मेले न्हाई गं अजून!" भामाबाई फोनमध्ये ओरडल्या. "व्हय, खाल्लं! न्हाई, अजून काय होत न्हाई! झालं की सांगते, ठेव तू!"

आणि मग विजयसिंह पुढं आले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, म्हणूनच सगळ्यांना ऐकू आला.

"कासम. तुझा कट्टा, तूच आणला, तूच उसवला. आता बोल."

कासम खांबापासून पुढं झाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"भाऊ, माझ्या घरी बी हाच साबुदाणा हाय. कालच बायकूनं, जरीनानं खीर केलती. मी खाल्ली, लेकरानं खाल्ली."

"खीर घरात खाल्ली. आमाला काय दिसलं? हितं खाऊन दाखव."

कासमनं गुरुजींकडं बघितलं. शाळेत गणित अडलं की बघायचा तसं. मग टेबलाजवळ आला, बशीतले ते काळेकुट्ट दाणे त्यानं चिमटीत घेतले आणि तोंडाकडं नेले.

"नको!" गुरुजी किंचाळले. "खाऊ नको ते! बाधेल!"

मंडपात जो काही थोडाफार संशय शिल्लक होता, तोही मिटला.

"बघा! गुरुजीच म्हणतेत बाधंल!"

"अरे, साबुदाण्यानं नाही! आयोडीननं! जखमेचं औषध आहे ते, पोटात घ्यायचं नाही!" पण तोवर गुरुजी टेबलावरून झेपावले होते. एका हातानं त्यांनी कासमच्या मनगटावर चापट मारली, दाणे उडाले. दुसऱ्या हातात झाकण नसलेली बाटली होती, ती उलटी झाली आणि अर्धी बाटली त्यांच्या छातीवर रिकामी झाली.

तपकिरी ओघळ सदऱ्यावरून खाली निघाला. आणि दिवाळीचा तो पांढराशुभ्र सदरा गळ्यापासून बेंबीपर्यंत निळा, मग जांभळा, मग काळा पडत गेला. जणू कुणीतरी आतून शाईची दौत सांडत होतं. गुरुजी स्वतःच्या छातीकडं बघत राहिले. गाव गुरुजींच्या छातीकडं बघत राहिलं.

"गुरुजींच्या अंगात बी..." एक म्हातारी पुटपुटली आणि तिनं देवीला हात जोडले.

"अंगात न्हाई!"

शिवकन्याबाई गर्दीतून पुढं आल्या. एरवी चारचौघांत त्या नवऱ्याच्या पुढं उभ्या राहायच्या नाहीत. आता त्या सरळ टेबलाशी गेल्या आणि गुरुजींच्या सदऱ्याचं टोक त्यांनी हातात धरलं.

"इख न्हाई, माझी खळ हाय ही! साबुदाण्याचं पाणी शिजवून घालते मी. पाच वर्षं झाली, दर आयतवारी. भामाबाई, तुमालाच शिकवलती का न्हाई? जानकीबाई, तुमच्या मालकाचं धोतर कशानं ताठ ऱ्हातंय? एवढ्या वर्षांत मेलं का कुणी धोतर नेसून?"

भामाबाईंचं तोंड उघडं राहिलं.

शिवकन्याबाईंनी गुरुजींच्या हातून बाटली काढून घेतली. त्यात थोडंसं शिल्लक होतं. इकडंतिकडं बघून त्यांनी मंडपात पडलेली एक पांढरी प्लास्टिकची पिशवी उचलली, टेबलावर पसरली, आणि तिच्यावर एक थेंब टाकला.

सगळे पुढं वाकले. थेंब तपकिरी होता. तपकिरीच राहिला. त्यांनी पिशवी तिरकी केली, तर थेंब जसाच्या तसा घरंगळला आणि मागं पिशवी पांढरीच्या पांढरी.

"हे प्लास्टिक. पडलं का काळं?"

"न्हाई," मुलांसारखं सगळं गाव म्हणालं.

"मग जे काळं पडलं ते काय?"

"साबुदाणा," भामाबाई हळूच म्हणाल्या.

"खरा का खोटा?"

"खरा."

गुरुजी बघत होते. बारा थेंब, बटाटा, रताळं, भगर, भाकरी आणि एक सदरा घालवून त्यांना जे सांगता आलं नव्हतं, ते तिनं एका पिशवीवर सांगितलं होतं. ज्याच्यावर संशय आहे ते समोर ठेवून बघायचं, ही साधी गोष्ट. त्यांनी एवढ्या वस्तू काळ्या केल्या, पण प्लास्टिकवर थेंब टाकायचं त्यांना सुचलं नव्हतं.

पहिल्यांदा हसला तो लखन. मग जानकीबाई, धोतराच्या आठवणीनं. मग देवळामागून घशात बोटं घालून आलेल्या तिघी, डोळे पुसत. हसू मंडपभर झालं. विजयसिंह तेवढे हसले नाहीत. त्यांनी खाली सांडलेले दाणे चपलेनं बाजूला सारले आणि म्हणाले, "पर मग ती खिचडी रबर कावून झाली?"

सगळ्यांनी भामाबाईंकडं बघितलं.

"भामाबाई, भिजवताना किती पाणी घातलं होतं?" शिवकन्याबाईंनी विचारलं.

"लई."

"लई म्हणजी?"

"हंडाभर. बुडवूनच ठिवला रातभर. सकाळी आणखी तांब्याभर घातलं, वर झाकण घालून शिजिवलं."

"अवो, खिचडीचा साबुदाणा धुऊन निथळत ठिवायचा! वरचं पाणी काढून टाकायचं. एवढं पाणी प्याल्यावर दाणा फुटून चिकच व्हणार की. सदऱ्याला घालायची खळ तशीच करतेत! तुमी चाळीस बायास्नी खळ वाढली!"

"मला काय ठावं!" भामाबाई उसळल्या. "एरवी मी वंजळभर पाणीच घालते. पर गुरुजी भेटलते आदल्या दिशी वाटंत. म्हणले, भामाबाई, साबुदाणा म्हणजे शुद्ध पिष्ट. त्याला जेवढं पाणी पाजशील तेवढा फुगंल, मूठभरात गाव जेवंल! मी म्हणलं, शिकलेला माणूस सांगतोय..."

सगळं गाव पुन्हा गुरुजींकडं वळलं. शंभर डोळे. गुरुजींना आठवलं. आठवलं म्हणजे कसं, की वाट आठवली, वड आठवला, भामाबाईंच्या डोक्यावरची पाटी आठवली, आणि आपण किती छान बोलत होतो तेही आठवलं. त्या छान बोलण्याचं पुढं काय झालं असेल, हे विचारायला मात्र ते थांबले नव्हते.

"म्हणजी ही समदी..." लखननं सुरुवात केली. शिवकन्याबाईंनी त्याच्याकडं बघितलं. लखननं वाक्य गिळलं.

दिवस मावळायला गुरुजी दुकानावर गेले. साधा, खळ न घातलेला सदरा घालून. बायका पुन्हा येत होत्या. चूक झाली असं कुणी म्हणत नव्हतं. भामाबाईंनी साबुदाणा मागितला, घेतला, पुढं गेल्या, परत मागं आल्या आणि म्हणाल्या, "जरीनाला सांग, खीर कशी करती ते इचारायला यीन म्हणावं." कासम म्हणाला, "या की." विजयसिंहांच्या घरून कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. सगळंच काही एका थेंबानं बदलत नाही.

गर्दी सरल्यावर गुरुजी फळीला हात टेकून म्हणाले, "कासम, चुकलो मी. आधी सांगायला पाहिजे होतं, काळं पडणार म्हणून."

कासम पुडी बांधत होता. त्यानं आधी दोऱ्याची गाठ मारली.

"गुरुजी, एक इचारू? रागावू नका." त्यानं पुडी बाजूला ठेवली. "दाणं काळं पडलं तवा मला बी वाटलं, की खरंच काय तरी हाय आपल्या मालात. मला! माझाच कट्टा, माझ्याच हातानं उसवलेला. तरी वाटलं. म्हणून तर खायला निघालतो. म्हणलं, असंल तर असंल."

गुरुजी फळीवरून पुढं वाकले.

"अरे, पण तुला तर शिकवलं होतं मी. पिष्टमय पदार्थावर आयोडीनचे थेंब टाकल्यास..."

"...निळसर काळा रंग येतो," कासमनं वाक्य पुरं केलं. "पाठ हाय की. दोन मार्क मिळालते. पर ते हे हाय, असं वाटलंच न्हाई. ते पुस्तकातलं हुतं आन् हा साबुदाणा हुता." तो जरासा हसला. "आमी बाटली बघायचो कपाटात. काचेतून दिसायची. एकदा बंडूनं इचारलं, गुरुजी, दाखवा की करून. तुमी म्हणलात, फुटली तर डेडस्टॉकच्या वहीत दाखवावी लागंल. मग तुमी फळ्यावर बटाटा काढला. आन् निळ्या खडूनं रंगवला. लई भारी काढलता बटाटा."

घरी जाताना गुरुजी वाटेत दोनदा थांबले. एकतीस वर्षांत किती पोरं? हजार तरी. हजार पोरांनी तेच वाक्य, त्याच अक्षरात उतरवून घेतलं. आणि आज मंडपात त्या वाक्यातला रंग समोर आला, तेव्हा हजारातल्या एकालाही तो ओळखू आला नाही. ओळखणार कसा? त्यांनी बघितला होता तो खडूचा निळा.

पाचव्या माळेला सकाळी गुरुजी शाळेत गेले. मुख्याध्यापिका उज्ज्वलाबाई त्यांच्याच विद्यार्थिनी. "बाई, सातवीचा एक तास मिळेल का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा त्या खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या. गुरुजींच्या पिशवीत बटाटे, रताळी, शिळी भाकरी, प्लास्टिकच्या पिशवीचे तुकडे आणि चार लहान बाटल्या होत्या.

"आज मी काही सांगणार नाही," गुरुजी वर्गाला म्हणाले. "हे घ्या. कशावर पाहिजे त्यावर टाका. फक्त तोंडात घालायचं नाही आणि डोळ्यात जाऊ द्यायचं नाही."

सव्वीस पोरं आधी गप्प बसली. त्यांना वाटलं, परीक्षा आहे. मग एकानं भाकरीवर थेंब टाकला, आणि त्यानंतर वर्ग गुरुजींच्या हातात राहिला नाही. बटाटा काळा, बाक तपकिरी, खडू तपकिरी, एकाचं कोपर तपकिरी, डब्यातला भात काळा! "माझं झालं, माझं झालं!" असा गलका. गुरुजी हात मागं बांधून उभे होते आणि अगदी मनापासून हसत होते. असा आरडाओरडा आपल्या वर्गात कधी ऐकल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. तिच्या वहीवर थेंब सांडला होता. कोऱ्या पानाच्या मधोमध निळाकाळा डाग पसरत चालला होता.

"गुरुजी, कागदात साबुदाणा कसा आला?"

गुरुजींनी वही हातात घेतली. पान उजेडाकडं धरून बघितलं. दुसऱ्या पानावर स्वतः एक थेंब टाकला. तेही निळं झालं. त्यांनी तोंड उघडलं. एकतीस वर्षांच्या सवयीनं एक ठणठणीत वाक्य जिभेवर आलंच होतं. मग त्यांना वडाखालची भामाबाई आठवली, डोक्यावर पाटी घेऊन ऐकणारी, आणि त्यांनी तोंड मिटलं.

"मला माहीत नाही," गुरुजी म्हणाले.

वर्ग एकदम चिडीचूप झाला. बाटल्या खाली ठेवल्या गेल्या. दप्तरं उघडली, पेनांची टोपणं निघाली, सव्वीस माना खाली झुकल्या.

"अरे, काय लिहिताय?"

"तुमी सांगितलं ते," पुढचा पोरगा मान वर न करता म्हणाला. "गुरुजी, 'माहीत'मधली वेलांटी पहिली का दुसरी?"